रोहिणी कुठे गेली?

मागच्या महिन्यात एका रात्री साडेअकराला काकांचा फोन आला. आमचे काका म्हणजे दहाच्या ठोक्याला दिवा मालवणारे. पोटात धस्स झालं. म्हटलं, काका, काय झालं?

‘अरे सापडलं!’

‘काय सापडलं?’

‘लॉगबुक!’

बॅकग्राउंड सांगायला हवं. काकांची सहकारनगरातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय. त्यामुळे सध्या रोज एक माळा रिकामा होतो आणि रोज एका वस्तूवरून काका-काकूंचं भांडण होतं. त्या माळ्यावरच्या ट्रंकेत काकांचं एनसीसी एअर विंगचं लॉगबुक निघालं. साल १९७५. वय अठरा. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर सकाळी सायकल हाणत जायचं, विंच ओढायची, वर जायचं, चार-पाच मिनिटांत खाली यायचं. पुढे काकांना एअर फोर्सने डोळ्यांच्या नंबरवरून परत पाठवलं. मग बँक, मग व्हीआरएस. हे सगळं घरात कोणी फारसं बोलत नाही. मला तर ग्लायडिंगचा ‘ग’सुद्धा माहीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर गेलो. (ऑफिस मगरपट्ट्यात. काका म्हणतात, ‘तुझा क्युबिकल आहे ना, तिथे वरून नुसता ऊस दिसायचा.’) वही खिशात मावेल एवढी. पानापानावर तारीख, लाँच, वेळ, इन्स्ट्रक्टरची सही. आणि एका कॉलमात ग्लायडरचा नंबर. व्हीटी, मग जी, मग दोन अक्षरं. मधली दहा-बारा पानं सलग एकच नंबर, आणि त्याच्यापुढे काकांच्या टपोऱ्या अक्षरात ‘रोहिणी’.

‘काका, हे ग्लायडर आता कुठे असेल?’

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘असेल कुठेतरी. तू शोध की. तुम्हा लोकांना सगळं सापडतं.’

आता हा प्रश्न मला सुचलाच कसा, त्याचं श्रेय माझ्या ऑनसाइटच्या दिवसांना. २०१६ मध्ये सहा महिने इंग्लंडात होतो. वीकएंडला करायला काही नव्हतं, म्हणून टीममधल्या एका गोऱ्याबरोबर हॅम्पशायरमधल्या लॅशमला गेलो. तिथे मोठा ग्लायडिंग क्लब आहे आणि त्याच्याच आवारात ग्लायडिंग हेरिटेज सेंटर. त्यांचं पहिलं हँगर २०१३ मध्ये उघडलं, ख्रिस विल्स यांच्या नावाने. १९७३ मध्ये व्हिंटेज ग्लायडर क्लब सुरू करणारे ते हे विल्स.

मला वाटलं होतं, म्युझियम म्हणजे दोरी बांधलेली, ‘हात लावू नका’ टाइप जागा. इथे सत्तरीचे आजोबा हातात ब्रश घेऊन एका पंखाला डोप लावत होते. डोप म्हणजे कापडावर चढवायचा एक प्रकारचा वॉर्निश. वास थेट नेलपॉलिशचा, कारण मूळ केमिकल साधारण तेच. पंखाचा सांगाडा लाकडाचा, त्यावर कापड, त्यावर डोप. डोप वाळताना कापड आक्रसतं आणि ढोलकीसारखं ताणलं जातं. एवढ्याशा भांडवलावर दोन माणसं आकाशात!

तिथेच स्लिंग्जबी टी-२१ बघितलं. यॉर्कशायरच्या कर्बीमूरसाइडला फ्रेड स्लिंग्जबीच्या कारखान्यात बनलेलं ट्रेनिंग ग्लायडर. पंख साडेसोळा मीटर. शिकवणारा आणि शिकणारा शेजारी-शेजारी, डोक्यावर छप्पर नाही, समोर छोटीशी काच. रॉयल एअर फोर्सने त्याला नाव दिलं ‘सेडबर्ग’, तिकडच्या एका शाळेवरून. त्यांच्या ट्रेनर विमानांना शाळा-कॉलेजची नावं द्यायची पद्धतच होती. एका ग्लायडरचं नाव ‘ईटन’, एकाचं चक्क ‘प्रीफेक्ट’, म्हणजे आपल्या भाषेत मॉनिटर! त्याआधी तिकडच्या पोरांना एकसीटी ग्लायडरमध्ये एकट्यालाच बसवून आधी नुसतं जमिनीवरून घसरवायचे, मग थोडी उडी, मग मोठी उडी. शिकवणारा खालून ओरडणार. दोनसीटी टी-२१ आणि त्याचा भाऊ टी-३१ आले आणि ही पद्धत मागे पडली.

हवाई कॅडेट्सच्या पिढ्यानपिढ्या या दोघांवर शिकल्या. १९८६ च्या सुमाराला लाकडी ग्लायडर्स रिटायर झाली, फायबरची आली. आणि इथे खरी मजा आहे. ही जुनी ग्लायडर्स विकली गेली, ती त्यांच्या कागदांसकट. प्रत्येक ग्लायडरचं स्वतःचं लॉगबुक असतं, माणसाचं असतं तसंच. किती लाँच, किती तास, कुठे आपटलं, काय बदललं. काही जर्मनीला गेली, काहींना इंजिन बसवून लोकांनी छोटी विमानं करून टाकली, काही कोणाच्या कोठारात पडून राहिली. तरीही शोधणारे लोक शोधतात. एअर फोर्सचा सीरियल नंबर, नंतर मिळालेला ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशनचा नंबर, आत लाकडावर ठोकलेली कारखान्याची पट्टी. या तीन गोष्टी जुळल्या की साखळी जुळली. ‘ग्रासहॉपर’ नावाचं एक छोटं ग्लायडर असायचं, शाळेच्या मैदानावर रबराच्या दोरीने उडवायचं. तशी कितीतरी शाळांच्याच अडगळीत निघाली.

ब्रशवाल्या आजोबांनी मला एक भारी गोष्ट सांगितली. समजा एकाचं धड चांगलंय पण पंख कुजलेत, दुसऱ्याचे पंख धडधाकट आहेत पण धड मोडलंय. दोन्ही जोडून एक केलं, तर ते कोणतं ग्लायडर? नंबर कोणाचा लावायचा? यावर त्यांच्यात म्हणे संध्याकाळच्या संध्याकाळ वाद चालतात. माझं स्वतःचं मत विचाराल तर नंबर धडाचा. पंख काय, बदलता येतात. पण ज्या सीटवर बसून कोणीतरी पहिल्यांदा घाबरलं, ती सीट महत्त्वाची.

लाकूड तसं टिकतं. वैरी असतो गोंद. जुना केसीन गोंद दुधापासून बनतो. ओल लागली की त्याला बुरशी धरते आणि जोड सुटतो. वरून दिसत काहीच नाही. म्हणून कापड फाडून, आत नळीचा कॅमेरा घालून एकेक सांधा तपासतात. हे सगळं करून मगच मला त्यांनी टी-२१ मध्ये बसवलं. विंचने केबल खेचली, नाक आभाळाकडे, पोट पाठीला. वर गेल्यावर केबल सुटल्याचा ‘टक्’ आणि मग नुसता वारा. शेजारचा पायलट नॉर्मल आवाजात बोलत होता. मी वर असताना काकांचा विचार केला का? खोटं कशाला बोलू, नाही केला. तेव्हा मला काकांचं काहीच माहीत नव्हतं.

तर रोहिणी. आपल्याकडच्या ग्लायडर्सना नावं दिली नक्षत्रांची. नागरी विमान खात्याच्या टेक्निकल सेंटरने १९५८ मध्ये ‘अश्विनी’ उडवलं. मग एस. रामामृतम यांनी डिझाइन केलेली ‘रोहिणी’, १९६१. त्यातही दोघं शेजारी-शेजारी, टी-२१ सारखंच. मग १९६३ मध्ये ‘कार्तिक’, ‘भरणी’, १९७० मध्ये ‘मृगशीर’ आणि १९७९ मध्ये ‘आर्द्रा’, जी पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने एनसीसीसाठी बनवली. पंचांगाचा क्रम जरा हुकलाय, पण कोण्या सरकारी इंजिनीअरने इतक्या हौसेने नावं ठेवली, हे वाचून मला त्यांच्याबद्दल एकदम प्रेमच वाटलं.

शोध सुरू केला. एका कार्यालयात तीन चकरा. तिसऱ्या चकरेला उत्तर मिळालं, ‘एवढं जुनं रेकॉर्ड नसतं.’ एका कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये छताला ग्लायडर टांगलेलं असायचं म्हणे. गेलो, तर तिथे आता फॉल्स सीलिंग. कोणी सांगितलं, काकांचं ग्लायडर बदली होऊन उत्तरेकडच्या एका क्लबला गेलं. पंधरा फोन केल्यावर तिथले एक निवृत्त गृहस्थ मिळाले. नंबर सांगितला. ते थोडा वेळ गप्प झाले आणि मग हिंदीत म्हणाले, की पंख मोडले होते, शेडमध्ये पडून होतं. एका वर्षी थंडी फार होती, चौकीदारांनी शेकोटी केली.

बास. संपलं. फोन ठेवल्यावर मला कळेना, हे काकांना सांगायचं कसं. विक्रम करणारी विमानं म्युझियममध्ये जातात हो. ट्रेनरचं कोण काय ठेवणार? आपण सगळे ज्या लूनावर शिकलो, ती आज कोणाच्या घरी आहे? रोज पोरं आपटणार, रोज मिस्त्री सांधणार, आणि एक दिवस सांधण्यापेक्षा नवीन स्वस्त पडणार.

पण मिस्त्री! फुरसुंगीत एक जुने मिस्त्री राहतात, तेव्हा हँगरमध्ये सुतारकाम करायचे, असं काकांच्याच एका दोस्ताने सांगितलं. रविवारी काकांना गाडीत घातलं आणि निघालो. शेकोटीचं अजून सांगितलेलं नव्हतं. वाटेत काका एक शब्द बोलले नाहीत. लॉगबुक मांडीवर.

मिस्त्रींनी ओळखलं नाही. कसं ओळखणार, पन्नास वर्षांत शेकड्यांनी पोरं येऊन गेली. मग त्यांनी लॉगबुक हातात घेतलं, पानं उलटत गेले आणि एका ओळीवर बोट ठेवलं. लाल पेनाने लिहिलं होतं, ‘हेवी लँडिंग. स्किड.’

‘हे तुम्ही काय? अहो, दोन दिवस घातले होते मी त्या स्किडला!’

काका लाजले. अडुसष्ट वर्षांचा माणूस अक्षरशः लाल झाला. हे त्यांनी काकूलासुद्धा कधी सांगितलेलं नव्हतं. ‘वारा फिरला हो ऐन वेळी,’ काका म्हणाले. ‘छ्या! वारा त्या दिवशी दिवे घाटाकडूनच होता. तुम्ही स्टिक लवकर ओढली.’ मग दोघांचं जे जुंपलं, विचारू नका. मी मधेच शेकोटीचं सांगून टाकलं. काका थांबले. मान हलवली. ‘असं होय,’ म्हणाले, आणि चहा संपवला.

मिस्त्री उठून आत गेले. येताना भिंतीवरची एक वस्तू खिळ्यावरून काढून घेऊन आले. त्यावर घरातल्या किल्ल्या अडकवलेल्या. लाकडाच्या बारीक पट्ट्या, कोपऱ्याकोपऱ्याला प्लायचे त्रिकोण, एक बाजू मोडलेली. पंखाची रिब. ‘रोहिणीची. टाकून दिली होती, मी आणली. सूनबाई म्हणते, फेका.’

काकांनी किल्ल्या एकेक करून काढल्या आणि रिब उजेडात धरली. मी मोबाइलवर फोटो काढले, मेजरिंग टेप मागवला, मापं घेतली. त्या नंबरच्या रोहिणीची आहे की दुसऱ्याच, हे मिस्त्रींनाही सांगता येईना. काकांना फरक पडत नव्हता.

‘अशी नवीन बनवता येईल?’ काकांनी विचारलं.

‘एक बनवायला काय, दोन दिवस. पण तसलं लाकूड आता कुठे मिळतंय?’

‘ते हा बघेल,’ काका माझ्याकडे न बघताच म्हणाले. ‘याला सगळं सापडतं.’