"पाणी पास" म्हणजे नेमकं कशात पास?



विहिरीचं पाणी तपासून आणलं, कागदावर "पिण्यास योग्य" शेरा दिसला की आपण निवांत होतो. माझं म्हणणं एवढंच, तो कागद पूर्ण वाचा. त्यात पीएच, क्षार, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराईड, लोह, जंतू असतात. पेट्रोल-डिझेलचं नाव बहुतेक वेळा नसतंच. जे तपासलंच नाही, त्यात पाणी पास कसं?

आपलं खापर अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गावर. ट्रक-टँकरची वर्दळ कायमची. त्यात कुणाच्या विहिरीच्या काठावर डिझेल इंजिन, बाजूला कॅन. खाली काळा पाषाण, पाणी भेगांमधून चालतं. त्यामुळे तेल एकीकडे सांडतं आणि दुसऱ्याच्या विहिरीत निघू शकतं.

2021 मध्ये फलटण तालुक्यात सासवडजवळ चोरट्यांनी इंधनाची पाइपलाइन फोडली, तेव्हा पेट्रोल शेतात आणि विहिरींत गेलं. तिथं वास आला म्हणून कळलं. थोडं थोडं झिरपणारं तेल असं सांगून येत नाही. पेट्रोलमधलं बेंझिन रक्ताच्या कॅन्सरला कारण ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे फक्त 10 मायक्रोग्रॅम आहे. एवढ्याशा बेंझिनचा वास नाकाला लागत नाही.

म्हणून पंप, गॅरेज, डिझेलचा साठा किंवा इंजिन जवळ असेल तर प्रयोगशाळेत नाव घेऊन मागा: "खनिज तेल आणि बेंझिन-टोल्युईन गट तपासा." आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस 10500 मध्ये, खनिज तेलाची मर्यादा लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम आहे. पण पेट्रोलचा उडून जाणारा भाग त्या एका तपासणीत सुटू शकतो, म्हणून दोन्ही मागायच्या. तिथं सोय नसेल तर एनएबीएल मान्यतेची प्रयोगशाळा गाठा. बाटली काचेची, त्यांच्याकडूनच घ्या. काठोकाठ भरा, आत हवा नको, बर्फात ठेवून लगेच पोचवा. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत नेलेल्या नमुन्याचा भरवसा नाही.

विहिरीला वास आला किंवा पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग दिसला तर:
- विडी-काडी लांब. मोटार-इंजिन चालू करू नका. विहिरीत उतरू नका, पेट्रोलची वाफ जड असते, ती तळाला साचते.
- ते पाणी पिणं, स्वयंपाक, अंघोळ सगळं बंद. गुरांनाही नको.
- उकळून भागत नाही, उलट वाफ घरात पसरते. टीसीएल पावडर जंतू मारते, पेट्रोल काढत नाही.
- ग्रामपंचायत आणि तहसीलला लेखी कळवा, पोच घ्या.

तपासणीचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकणंही मला पटत नाही. पाझर बांध बघत नाही. महामार्गालगतच्या पिण्याच्या विहिरींची ही तपासणी ग्रामपंचायतीनं वर्षातून एकदा करावी, आणि तसा विषय आपण येत्या ग्रामसभेत मांडावा. तोवर डिझेलचा कॅन तरी विहिरीपासून लांब न्या. त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.