ताट वेगळं करू नका, ताट भरा

घरात कुणाला टीबी झाल्याचं कळलं की अजूनही कित्येक घरांत पहिलं काम होतं ते त्याचं ताट, तांब्या, पेला वेगळा काढण्याचं. सून असेल तर तिची माहेरी पाठवणी होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळू नये म्हणून गोळ्यांची पाकिटं पिठाच्या डब्यामागे जातात. एवढी खबरदारी घेताना त्या वेगळ्या ताटात वाढलंय काय, हे मात्र कुणी बघत नाही. आणि जीव नेमका तिथेच अडकलेला असतो.

टीबी ताटवाटीतून पसरत नाही. फुफ्फुसाचा टीबी झालेला माणूस खोकतो, शिंकतो, बोलतो तेव्हा जंतू हवेत जातात. म्हणून खिडक्या उघड्या हव्यात, तोंडावर रुमाल हवा आणि गोळ्या एक दिवसही चुकता कामा नयेत. वेगळ्या ताटाने माणूस मात्र खचतो.

आता झारखंडात काय घडलं ते ऐका, कारण ते आपल्या प्रत्येक गावाने ऐकण्यासारखं आहे. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव या दांपत्याने चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेसह तिथल्या चार जिल्ह्यांत एक मोठा अभ्यास केला. २०१९ साली सुरू झालेला हा अभ्यास २०२२ पर्यंत, म्हणजे कोरोनाच्या काळातही चालला. फुफ्फुसाचा टीबी झालेले २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरची १०,३४५ माणसं त्यात होती. प्रत्येक रुग्णाला औषधांच्या जोडीला दर महिन्याला दहा किलोचा शिधा मिळायचा : पाच किलो तांदूळ, तीन किलो सत्तू (फुटाण्याचं पीठ), दीड किलो दूध पावडर, अर्धा लिटर तेल. शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या. निम्म्या भागांत घरच्या माणसांनाही सहा महिने दरमहा मोठ्या माणसामागे पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. उरलेल्या भागांत घरच्यांना वेगळा शिधा नव्हता. मग दोन्हीकडच्या घरांवर लक्ष ठेवलं.

ऑगस्ट २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. ज्या घरांतल्या माणसांना शिधा मिळाला, तिथे नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी निघालं. तपासणीत जंतू सापडलेल्या, फुफ्फुसाच्या टीबीत तर ही घट ४८ टक्के होती. हे कुठल्या नव्या लशीने केलेलं नाही. आपल्या रेशन दुकानात आणि किराण्यात मिळणाऱ्या तांदूळ-डाळीने केलंय!

असं का व्हावं? टीबीचा जंतू आपल्या देशात कोट्यवधी माणसांच्या शरीरात शिरलेला आहे. पण शिरला म्हणजे आजार झाला असं नाही. संसर्ग झालेल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. बाकीच्यांच्या अंगात तो राखेखालच्या निखाऱ्यासारखा दबून राहतो, कारण शरीराची प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. पोटात अन्न नसेल तर ती शक्ती ढासळते. आपल्या देशात टीबी होण्यामागच्या कारणांत उपासमार आणि कुपोषण सर्वांत वर आहेत. एचआयव्ही, मधुमेह, दारू, तंबाखू यांची चर्चा आपण करतो आणि रिकाम्या पोटाची करत नाही, याचा मला संताप येतो.

त्या अभ्यासातल्या रुग्णांची अवस्था बघा. उपचार सुरू होताना शंभरातले ब्याऐंशी जण उंचीच्या मानाने कमी वजनाचे होते आणि जवळजवळ निम्मे अतिशय खंगलेले. वजनकाट्यावरचा आकडा चाळीसच्या आसपास, आणि ही मोठी, कमावती माणसं. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. चाळीस किलोच्या माणसाला पाच टक्के म्हणजे दोन किलो. जीव आणि मरण यांच्यात फक्त दोन किलोचं अंतर! इथे एक सांगायला हवं : वजन आणि मृत्यूचा हा संबंध रुग्णांचं निरीक्षण करून मिळालेला आहे, घरच्यांच्या शिध्यासारखी दोन गटांची तुलना त्यात नव्हती. तरीही दर महिन्याला रुग्णाचं वजन करून ते कार्डावर लिहिलंच पाहिजे. वाढत नसेल तर आशाताईंना, डॉक्टरांना विचारा. गप्प बसू नका.

सरकार उपचार चालू असेपर्यंत रुग्णाच्या खात्यात पोषणासाठी पैसे जमा करतं. २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये. एवढ्यात एका खंगलेल्या माणसाचं अंग भरत नाही, आणि त्याच्या पोरांचं तर नाहीच. म्हणूनच २०२२ साली निक्षय मित्र योजना सुरू झाली. कुणीही व्यक्ती, मंडळ, कारखाना, ग्रामपंचायत रुग्णाच्या संमतीने त्याच्या शिध्याची जबाबदारी घेऊ शकते. आता घरच्या माणसांसाठीही शिधा देता येतो.

मग गणेश मंडळांनो, उठा! साखर कारखान्यांनो, पतसंस्थांनो, बचत गटांच्या ताईंनो, उठा! मेळघाट, नंदुरबार, पालघर, गोवंडी ही नावं काय फक्त कुपोषणाच्या बातमीत वाचायची? एका रात्रीच्या डीजेच्या पैशात किती घरांची तूरडाळ येईल, याचा हिशेब तुमच्या खजिनदाराला बैठकीत मांडायला सांगा. तयार सत्तू मिळत नसेल तर फुटाणे दळून द्या, शेंगदाणे द्या, खाणाऱ्या घराला अंडी द्या. एक महिना देऊन थांबू नका, पूर्ण सहा महिने द्या. आणि हात जोडून सांगतो, रुग्णाच्या हातात पिशवी देताना फोटो काढू नका. ज्याचा आजार गावाला कळला तर मुलीचं लग्न मोडतं, त्याला बॅनरवर उभं करण्याचा हक्क तुम्हाला कुणी दिला? पिशवी आशाताईंकडे द्या, त्या पोचवतील.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारं वजन असं काही असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते, औषधंही फुकट मिळतात. जवळचं केंद्र माहीत नसेल तर १८००११६६६६ या क्रमांकावर फोन करा, फोनला पैसे पडत नाहीत. आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनी उद्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारावं : आपल्या हद्दीत किती रुग्ण आहेत, आणि त्यांतल्या किती घरांत शिधा पोचत नाही?