वर्ग नाशिकला नको, पाड्यावर हवा



सुरगाण्याच्या शेतकऱ्यांना नाशिकला नेऊन सेंद्रिय शेती शिकवावी, असे सुचवणारे पत्र वाचले. लेखकांची कळकळ खरी, पण उपाय पटत नाही. इथल्या वरकस उतारावर नागली, वरई, उडीद, खुरासणी पिकवणाऱ्या कोकणा-वारली घरांनी रासायनिक खत मुळात कमीच वापरले. बियाणे राखण्याचे ज्ञान तर घरातल्या म्हाताऱ्यांकडेच आहे. शेजारच्या जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. देशी बियाण्यांची बँक उभारून 2020 मध्ये त्या पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या.

मग शिकायचे काहीच नाही का? भरपूर आहे. राब भाजण्याऐवजी रोपवाटिका कशी करावी, नागलीची लावणी ओळीत कशी करावी, आणि मुख्य म्हणजे प्रमाणपत्र. किमान पाच शेतकऱ्यांचा गट करून एकमेकांची शेते तपासत सेंद्रिय प्रमाणपत्र मिळवण्याची पीजीएस पद्धत देशात आहे. ती पाड्यापाड्यावर कुणी समजावलेली नाही, म्हणून विषमुक्त नागलीही साध्या भावाने विकली जाते.

वेळेचा प्रश्न त्याहून मोठा. दिवाळीनंतर अर्धे गाव दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जाते. मग जानेवारीत शिबिर ठेवले, तर येणार कोण? मुक्त विद्यापीठाच्या नाशिक कृषी विज्ञान केंद्राने वैशाखात, पेरणीच्या तोंडावर, आठवडे बाजाराच्या दिवशी इथेच वर्ग घ्यावेत. शिकवायला तज्ज्ञांसोबत गावातली एखादी जाणती आजी असावी आणि तिलाही तज्ज्ञांइतकेच मानधन मिळावे.

— एक शेतकरी वाचक, सुरगाणा