काचेवरची बाराखडी

'प्रत्येक मुलाच्या हाती टॅब' ही घोषणा आपल्याकडे शैक्षणिक प्रगतीचा समानार्थी शब्द होऊन बसली आहे. तिच्याविषयी शंका घेणारा एकतर प्रतिगामी ठरतो, नाहीतर गरीब मुलांच्या वाट्याची आधुनिकता हिरावून घेणारा. हे दोन्ही आरोप पत्करून प्रस्तुत लेखकाला म्हणायचे आहे ते असे, की प्राथमिक शाळेतल्या टॅबचा प्रश्न मुळात यंत्राचा नाही, तो भाषेचा आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी तो शिक्षणशास्त्राच्या गळ्यात बांधून मोकळे होणे ही शुद्ध पळवाट आहे.

पाटी-पेन्सिल हेही एके काळचे तंत्रज्ञानच. पाहायचे ते एवढेच, की साधन मुलाकडून काय मागते. टॅबवरचा सर्वसाधारण धडा चित्र दाखवतो, चार पर्याय देतो, योग्य पर्यायाला बोट लागले की टाळ्या वाजवतो. मूल निवडते, वाक्य करत नाही. 'काल पाऊस आला तेव्हा तुझ्या घरी काय झाले?' या प्रश्नाला चार पर्याय नसतात. त्याचे उत्तर अडखळत, निम्मे घरच्या बोलीत येते आणि ते ऐकून पुढचा प्रश्न विचारायला माणूस लागतो. वारली वा कातकरी घरातून आलेला शब्द पर्यायांच्या यादीत नसतोच. जाणत्या शिक्षकाच्या लेखी मात्र धड्याचा आरंभ तिथूनच होतो.

अनुभवाची साक्ष काय सांगते? 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या जागतिक योजनेचा भारतातला एक प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या वस्तीतल्या शाळेत सुरू झाला होता. तीच योजना पेरू देशात प्रचंड प्रमाणावर राबवली गेली. ग्रामीण शाळांत दर विद्यार्थ्यामागे संगणकांचे प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेले. तरीही गणितात वा भाषेत सुधारणा झाल्याचा पुरावा इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या २०१२ च्या अभ्यासाला सापडला नाही. पडद्यांची चैन परवडणाऱ्या स्वीडनच्या सरकारनेही २०२३ मध्ये वर्गात पुन्हा छापील पुस्तके आणण्यासाठी निधी दिला.

प्रतिपक्षाचे म्हणणेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. दिल्लीतल्या 'माइंडस्पार्क' प्रणालीच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत ठळक प्रगती दिसली. परंतु ती मुले बहुतांशी सहावी ते नववीची होती, केंद्रे शाळेच्या वेळेबाहेरची होती आणि संगणकावरच्या वेळेइतकाच वेळ माणसाने घेतलेल्या छोट्या गटाच्या शिकवणीलाही होता. हा अर्धा भाग सोयीस्करपणे विसरला जातो.

१९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू करून पुढे कोसबादला गेलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, खडे, पाने, बिया यांची शैक्षणिक साधने केली. यात गरिबीचे कौतुक नाही. त्या वस्तूंची नावे मुलांच्या तोंडी आधीपासून होती, हे त्यातले मर्म. साधन मुलाच्या भाषेकडे चालत गेले होते.

आज उलटे चालले आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार महाराष्ट्रात २०२३ मध्ये पुढे आला. वस्तीवरचा शिक्षक महाग आणि पडदा मात्र स्वस्त, हा हिशेब कोणाच्या सोयीचा?

आणि आपण गप्प का? कदाचित आपणही पर्याय निवडूनच इथवर आलो म्हणून. २०१२ पासून नेटची तिसरी प्रश्नपत्रिकाही बहुपर्यायी झाली; कवितेवर स्वतःचे एक वाक्य न लिहिता साहित्याचा अध्यापक होण्याची पात्रता मिळू लागली. तेव्हा आपण फारसे बोललो नाही. आता तीच रीत पहिलीच्या वर्गात जाऊन बसली आहे. ज्याला स्वतःचे वाक्य करण्याची वेळच कधी आली नाही, असा विद्यार्थी उद्या आपल्यासमोर येईल. त्याला आपण कोणती कविता शिकवणार आहोत?