बदली त्याची, राजीनामा तिचा

स्त्री चळवळीच्या अंकात युरोपातल्या पगाराच्या, कराच्या आणि पेन्शनच्या गोष्टी कशासाठी, असा प्रश्न काही मैत्रिणींच्या मनात येईल. दुष्काळ, दारू, हिंसा, रोजगार हमी हे विषय समोर असताना परदेशी गेलेल्या सुखवस्तू बायकांच्या अडचणींना जागा का द्यायची? प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

बीडहून ऊसतोडीला निघणारं जोडपं म्हणजे 'एक कोयता'. मुकादम उचल देतो ती नवऱ्याच्या हातात. बाई तेवढीच राबते, पण हिशेबाच्या वहीत तिचं वेगळं नाव नसतं. इंजिनियर नवऱ्याबरोबर पुण्याहून म्युनिकला जाणाऱ्या बाईच्या वाट्याला ते कष्ट येत नाहीत, हे उघड आहे. दोघींना एका तागडीत घालायचा माझा विचार नाही. पण हिशेब ठेवायची रीत मात्र तीच आहे. स्थलांतर कुटुंबाचं म्हणायचं आणि नोंद नवऱ्याच्या नावावर करायची. नोकरीचा करार त्याचा, भाडेकरार त्याचा, बँकेतलं खातं त्याचं. ती या देशात का आहे, याचं तिच्या परवान्यावरचं उत्तर एकच : त्याची पत्नी म्हणून.

शिवाय आता फक्त संगणकवाले जात नाहीत. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा कामांची त्यात भाषा आहे. म्हणजे हा प्रश्न कोथरूडपुरता राहिलेला नाही. उद्या तो लातूरच्या आणि धुळ्याच्या घरांतही येणार आहे.

मी काही वर्षं जर्मनीत राहिले आणि त्यानंतर नेदरलँड्समध्ये. दोन्हीकडे नोकरी केली. हळूहळू ओळखीच्या मराठी बायकांचे कागद वाचून देण्याचं काम माझ्याकडे आलं. त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसली. भारतातून पहिल्यांदा निघताना माणसं चौकशी तरी करतात. पण एका युरोपीय देशातून दुसऱ्या युरोपीय देशात जाताना कुणी काही विचारत नाही. 'युरोपच तर आहे, गाडीत बसलं की सहा तासांत पोचतो,' असं म्हणतात. ब्लू कार्डावर असलेल्या माणसाला एका देशात १२ महिने झाल्यावर दुसऱ्या सदस्य देशात जाणं नव्या नियमांनी सोपंही झालं आहे. (डेन्मार्क आणि आयर्लंड या योजनेत नाहीत.) त्याला मोठ्या पगाराची नोकरी मिळते, सामान बांधलं जातं. तोवर तिने भाषा शिकून, धडपडून एक नोकरी धरलेली असते. ती सुटते. बदली त्याची, राजीनामा तिचा. आणि हा राजीनामा इतका गृहीत धरलेला असतो की त्याची किंमत किती, हे घरात कुणी कागदावर मांडतच नाही. मला म्हणायचं आहे ते एवढंच : ती किंमत निघण्याआधी मांडली पाहिजे, आणि ती तिने स्वतः मांडली पाहिजे.

नोकरी सोडताना

जर्मनीत गेल्या ३० महिन्यांत निदान १२ महिने विम्याचा हप्ता भरलेला असेल तर बेकारी भत्ता मिळतो. हातात येणाऱ्या पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के. स्वतःहून राजीनामा दिला की साधारण १२ आठवडे हा भत्ता रोखतात. पण नवऱ्याची नोकरी दुसरीकडे गेली आणि एकत्र राहण्यासाठी गाव सोडावं लागलं, तर ते सबळ कारण धरता येतं. बहुतेक बायकांना हे ठाऊक नसतं. 'मीच सोडली, मला काय मिळणार' म्हणून त्या रोजगार कार्यालयाची पायरीही चढत नाहीत.

हा भत्ता दुसऱ्या सदस्य देशात नेताही येतो. 'यू-२' नावाच्या कागदावर तो साधारण तीन महिने नव्या देशात काम शोधताना चालू राहतो. अट अशी की आधी जुन्या देशात बेकार म्हणून नोंदणी करून बहुधा चार आठवडे थांबावं लागतं, आणि नव्या देशात पोचल्यावर सात दिवसांत तिथल्या कार्यालयात नाव घालावं लागतं. नव्या देशात काम करण्याचा हक्कही हवा. म्हणजे तारखा नीट बसवायला हव्यात. घराच्या किल्ल्या कधी द्यायच्या, सामानाचा ट्रक कधी येणार, याच्या तारखा आपण बसवतोच ना? मग तिच्या भत्त्याच्या तारखा त्याच यादीत का नसाव्यात? 'यू-१' हा दुसरा कागदही मागून घ्यावा. त्यात तिने किती काळ विमा भरला याची नोंद असते आणि नव्या देशात पुढे कधी नोकरी गेली तर तो काळ मोजला जातो.

पगारपत्रकातलं दुय्यमत्व

जर्मनीत नवराबायकोला कर-वर्ग निवडता येतात. पुष्कळ घरांत तो तिसऱ्या वर्गात आणि ती पाचव्या वर्गात असते. दोघांच्या सवलती त्याच्या पगारपत्रकात जातात आणि कराचा भार तिच्या पगारावर पडतो. महिन्याच्या अखेरीला घरात चार पैसे जास्त येतात, म्हणून ही सोय 'कुटुंबाच्या फायद्याची' म्हणतात. पण बेकारी भत्ता आणि बाळंतपणानंतरचा पालक भत्ता हातात येणाऱ्या पगारावर ठरतो. पाचव्या वर्गात तो पगार लहान दिसतो, म्हणून भत्ताही लहान. वर्षाअखेरीच्या विवरणपत्रात कर सरळ होतो, भत्ता मात्र सरळ होत नाही. दोघांनी चौथा वर्ग घेता येतो आणि वर्ग बदलण्याचा अर्ज फुकट असतो. तो वेळेवर, मूल होण्याच्या किंवा नोकरी सुटण्याच्या पुष्कळ आधी करावा लागतो.

तीच गोष्ट 'मिनिजॉब'ची. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या (२०२५ मध्ये महिना ५५६ युरो) या लहान नोकऱ्यांत बहुतांशी बायकाच दिसतात. त्यातून बेकारी विमा मिळत नाही. पेन्शनचा हप्ता मात्र भरला जातो, पण 'मला सूट हवी' अशा अर्जावर सही करून तो टाळता येतो. पहिल्याच दिवशी कागदांच्या गठ्ठ्यात हा अर्ज पुढे येतो आणि थोडे पैसे जास्त मिळतील म्हणून सही होते. सही करण्याआधी कशावर करतो आहोत, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकीला आहे.

घरकामाचं मोल कोणता देश किती करतो

आपण वर्षानुवर्षं म्हणत आलो की घरकाम हे काम आहे. या दोन देशांची पेन्शन शेजारी ठेवली तर ही घोषणा रुपया-पैशांत वाचता येते.

जर्मनीत पेन्शन मुख्यतः नोकरीशी बांधलेली आहे. किमान पाच वर्षांची नोंद लागते. जिने नोकरी केली नाही तिच्या खात्यावर केवळ संसार केल्याबद्दल काही जमा होत नाही. पण मूल वाढवल्याबद्दल होतं. १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे तीन वर्षं पेन्शनच्या हिशेबात धरतात, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर ती आईच्या नावावर जातात. दोन मुलं जर्मनीत वाढवली तर सहा वर्षं, म्हणजे पाच वर्षांची अट एवढ्यावरच पुरी होते. मात्र त्यासाठी अर्ज करावा लागतो. आणि मूल दीड वर्षाचं असताना देश सोडला, तर साधारणपणे तिथे वाढवलेला काळच धरला जातो.

नेदरलँड्समध्ये म्हातारपणाची सरकारी पेन्शन राहण्यावर आहे. पेन्शनच्या वयाआधीच्या ५० वर्षांत तिथे राहिलेल्या दर वर्षामागे २ टक्के. नोकरी असो वा नसो, ते तिचं स्वतःचं असतं. विवाहित बाईला हा स्वतंत्र हक्क तिथेही सुरुवातीपासून नव्हता. १९५७ मध्ये पेन्शन आली, विवाहितेचा वेगळा हक्क १९८५ मध्ये.

युरोपीय संघातल्या वेगवेगळ्या देशांतला विम्याचा काळ पात्रतेसाठी एकत्र मोजतात आणि २०११ पासून हा नियम संघाबाहेरच्या नागरिकांनाही बहुतेक देशांत लागू आहे. भारत आणि जर्मनी यांचा सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू आहे. त्यामुळे भारतातल्या नोकरीतला पेन्शन योजनेचा काळही पात्रतेत धरता येतो. म्हणून तिची चार वर्षं इथली, तीन तिथली वाया जात नाहीत. वाया जाते ती न ठेवलेली नोंद. प्रत्येक देश सोडताना आपल्या पेन्शन खात्याचा उतारा मागवून स्वतःच्या फायलीत लावावा. सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण भांडलो. हा उतारा तिचा सातबारा आहे.

खातं, विमा, परवाना

कायदेशीरपणे राहणाऱ्या कुणालाही युरोपीय संघात साधं बँक खातं उघडण्याचा हक्क आहे. पगार नाही हे खातं नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. मुलांसाठी मिळणारा भत्ता कुणाच्या खात्यात जावा हे आईबाप ठरवू शकतात. तो आईच्या खात्यात घ्यावा, असं मी आग्रहाने सांगते. त्यात रकमेपेक्षा सवयीचा भाग मोठा आहे. दर वेळी हात पसरावा लागू नये याचा.

आरोग्य विम्यातही देशागणिक फरक पडतो. जर्मनीच्या सरकारी विम्यात कमाई नसलेली पत्नी नवऱ्याच्या विम्यात जादा हप्त्याशिवाय येते. नेदरलँड्समध्ये प्रत्येक प्रौढ व्यक्तीने चार महिन्यांच्या आत स्वतःचा विमा घ्यायचा असतो आणि हप्ता स्वतःचा भरायचा असतो. नोकरी सोडून आलेल्या बाईच्या नावावर पहिल्याच महिन्यांत खर्च सुरू होतो, कमाई मात्र नसते. घरातलं अंदाजपत्रक करताना हा खर्च 'तिचा' न मानता बदलीचा मानला पाहिजे.

आता सर्वांत नाजूक भाग. लग्न मोडलं किंवा घरात मारहाण झाली तर राहण्याचा परवाना जाईल, या भीतीने कितीतरी जणी गप्प बसतात. जर्मनीत तीन वर्षं एकत्र संसार झालेला असेल तर पत्नीला स्वतंत्र परवाना मागता येतो, आणि हिंसेच्या प्रकरणात तीन वर्षं पुरी होण्याची वाट पाहावी लागत नाही. नेदरलँड्समध्ये ही मुदत साधारण पाच वर्षांची आहे, हिंसेचा अपवाद तिथेही आहे. देश बदलला की हिशेब नव्या देशाच्या नियमांनी होतो. म्हणून निघण्याआधी आपली किती वर्षं झाली आणि नव्या देशात त्यांचं काय होणार, हे लेखी विचारून घ्यावं. जर्मन घटस्फोटात पेन्शनचीही वाटणी होते, पण घटस्फोट भारतात घेतला तर ती आपोआप होत नाही, मागावी लागते. 'परस्पर संमतीने लवकर उरकू' या घाईत ती कायमची हातची जाऊ शकते.

आणि आपल्या नावांचा घोळ. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मधे कधी वडील कधी नवरा. परक्या कार्यालयाला या तीन वेगळ्या बायका वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला, नावबदलाचं राजपत्र आणि त्यांची अधिकृत भाषांतरं दोन-तीन प्रतींत जवळ ठेवावीत. परिचारिका, शिक्षिका अशा कामांत पात्रतेची मान्यता देशागणिक वेगळी घ्यावी लागते. जर्मनीने मान्य केली म्हणून नेदरलँड्स आपोआप करत नाही. तिचा वेळ आणि फी हे दोन्ही निर्णयाआधी मोजायला हवं.

आपण काय करू शकतो

यावर एक आक्षेप हमखास येतो : संसारात इतका हिशेब कशाला, विश्वास नाही का? माझं म्हणणं असं की हिशेब आधीपासून आहेच. त्याच्या पगाराचा, त्याच्या बढतीचा, त्याच्या पेन्शनचा हिशेब करूनच बदली स्वीकारली जाते. तिचा स्तंभ तेवढा कोरा ठेवतात आणि त्या कोऱ्या जागेला विश्वास म्हणतात.

परित्यक्ता बहिणींनी स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मागितलं, तेव्हाही 'घर मोडायला निघाल्या' अशीच टीका झाली होती. कागद नावावर असण्यातली ताकद त्यांनी आपल्याला शिकवली. ती शिकवण इथेही लागू पडते.

म्हणून गटांना दोन सूचना. समुपदेशन केंद्रांवर 'परदेशातलं स्थळ' किंवा 'नवऱ्याची बदली' घेऊन येणाऱ्या मुलींशी दागिने-मानपानाइतकंच खातं, परवाना आणि पेन्शन यांवर बोलावं. त्यासाठी साध्या मराठीत एक चार पानी पुस्तिका करावी आणि नियम बदलतात म्हणून दर वर्षी ती तपासावी. दुसरं, युरोपातल्या महाराष्ट्र मंडळांतल्या बायकांनी गणपतीच्या मांडवात, हळदीकुंकवाला एक टेबल कागद वाचायला मांडावं. ज्यांना भाषा येते त्यांनी ज्यांना येत नाही त्यांच्याशेजारी बसावं. वाण म्हणून डबा देण्याऐवजी पेन्शनच्या अर्जाची प्रत दिली तर म्हातारपणी उपयोगी पडेल.

बदली नाकारा, असं मी म्हणत नाही. नवा देश पाहावा, नवी भाषा शिकावी, त्यात बाईचंही भलं होतं. फक्त निघण्याआधी एका कागदावर दोन रकाने आखावेत, त्याचा आणि तिचा. दोन्ही भरल्याशिवाय होकार कळवू नये.