सरासरीच्या पडद्याआड

मंदीचे सावट पसरले की काही अर्थपंडित ठरलेले पालुपद आळवू लागतात : मंदीतही कामगारांचे वास्तव वेतन उतरत नाही, उलट चढते; तेव्हा वेतन खाली आणा, म्हणजे बेकारी आपोआप हटेल. पुरावा म्हणून सरासरी वेतनाचे आकडे पुढे केले जातात. आकडे खरे असतात. निष्कर्ष मात्र खोटा असतो.

साधा हिशेब पाहा. एका कारखान्यात चार कामगार आहेत. दोघांना दिवसाला ३०० रुपये मिळतात, दोघांना ७००. सरासरी ५००. मंदी आली आणि मालकाने ३०० रुपयेवाल्या दोघांना घरी बसवले. सरासरी एकदम ७०० झाली! कुणाच्याही हाती एक रुपया अधिक पडला नाही. दोन घरच्या चुली मात्र विझल्या.

हा कल्पनेचा खेळ नव्हे. कोरोनाच्या काळात, एप्रिल २०२० या एका महिन्यात अमेरिकेत सुमारे दोन कोटी नोकऱ्या गेल्या. त्याच महिन्यात तेथील सरासरी ताशी वेतन १ डॉलर ३४ सेंटांनी वाढून ३० डॉलरवर गेल्याचे सरकारी खात्याने जाहीर केले. भावही किंचित उतरले होते. म्हणजे वास्तव वेतनही 'वाढले'! हॉटेलांतले वाढपी, दुकानांतले विक्रेते हिशेबातून गळाले होते, एवढाच त्याचा अर्थ.

१९२९ नंतरच्या महामंदीचाही असाच दाखला दिला जातो. अमेरिकेत १९३३ पर्यंत भाव सुमारे चतुर्थांशाने उतरले, ताशी मजुरी तितकी उतरली नाही. परंतु १९३३ साली दर चार कामगारांमागे सुमारे एक बेकार होता आणि उरलेल्यांपैकी अनेकांचे कामाचे तास कापले गेले होते. ताशी दर घरी नेऊन शिजवता येत नाही.

१९९४ साली सोलन, बार्स्की आणि पार्कर या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी सरासरी बाजूला ठेवून त्याच त्या माणसांच्या वेतनाचा वर्षानुवर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. तेजीत वास्तव वेतन चढते आणि मंदीत ते चांगलेच मार खाते, असे त्यांना आढळले.

म्हणून सरासरी दाखवून वेतनकपात मागणाऱ्यांना आपण एकच प्रश्न विचारावा : मस्टरवरून ज्यांची नावे उडाली, त्यांचे वेतन तुम्ही कोणत्या रकान्यात मांडले? ते शून्य मांडल्यावाचून मंदीचा जमाखर्च पुरा होत नाही.