काका की मामा? एका उसन्या वीराच्या कुळाविषयी

परकीय चित्रकथांतील अतिमानवी वीराला भारतीय वेष चढवला, की तो आपला झाला असे मानणारा एक उत्साही वर्ग आपल्याकडे आहे. उलट मराठी समीक्षा चित्रकथेला पोरखेळ समजून तिच्याकडे पाठ फिरवते. दोन्ही वृत्ती सारख्याच आळशी आहेत. वीर आपला झाला की नाही, हे त्याच्या वस्त्रांवरून ठरत नाही, त्याच्या नातलगांवरून ठरते. आणि नाती हा भाषेचा, म्हणून साहित्याचाही, प्रांत आहे.

स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ साली निर्मिलेला स्पायडर-मॅन, म्हणजेच पीटर पार्कर, हा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला पोरका मुलगा. त्याचा भारतीय अवतार २००४ साली प्रकटला. बंगळूरचे चित्रकार जीवन कांग यांनी तो रेखाटला. कथा घडते मुंबईत. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला, मेची माया, बेनचा भीम, मेरी जेनची मीरा जैन, नॉर्मन ऑस्बॉर्नचा नलिन ओबेरॉय. ही ध्वनी जुळवण्याची कसरत आहे, रूपांतर नव्हे. पीटरला शक्ती लाभते ती किरणोत्सारी कोळ्याच्या दंशाने. पवित्रला ती देतो एक वृद्ध योगी. १९०९ साली विज्ञानसंस्था स्थापन झालेल्या आणि १९६१ साली ‘मरुत’ हे लढाऊ विमान प्रथम झेपावलेले पाहिलेल्या शहराशी नाते सांगणाऱ्या वीराला योग्यावाचून गती नसावी, हा परदेशी ग्राहकाच्या कल्पनेतला भारत आहे.

खरा प्रश्न मायाचा आहे. इंग्रजीतील ‘आंट’ हा शब्द चुलते, मामा, मावशी, आत्या या साऱ्या घरांचे दरवाजे एकाच किल्लीने उघडतो. मराठीत तसे होत नाही. काकाच्या घरी वाढलेल्या पोरक्या मुलामागे वाटणी, भाऊबंदकी आणि कुळाचे नाव उभे असते. मामाच्या घरी वाढलेल्यामागे आजोळची माया आणि आश्रिताचा संकोच. मूळ कथेतला बेन हा वडिलांचा भाऊ आहे, म्हणून मे ही काकू, एवढे सांगून लेखकाची सुटका होत नाही. काकाच्या मृत्यूनंतर त्या घरात पुतण्याचे स्थान काय, हे सांगितल्यावाचून मराठी कथा पुढे सरकूच शकत नाही. येथेच नवी कथा जन्मली असती.

वीर जागतिक असताना त्याला असे प्रांतिक का करायचे, असा आक्षेप कोणी घेईल. पण पीटर क्वीन्सच्या एका लहानशा घराइतका प्रांतिक आहे, म्हणूनच तो जगाला आपला वाटला.

आपल्याकडे याहून बरे उदाहरण घडलेले आहे. ली फॉकच्या १९३६ मधील ‘फँटम’ला १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने ‘वेताळ’ हे नाव दिले. नाव एकच, पण ते स्वतःचे गणगोत घेऊन आले. आरवलीचा वेतोबा गावाची राखण करीत फिरतो, म्हणून भाविक त्याला चपला वाहतात. जंगलाची राखण करणारा, बापाकडून मुलाकडे वारसा देणाऱ्या घराण्यातला एकविसावा वेताळ मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारणच उरले नाही.

हा वाद केवळ पंडितांचा नाही. बंगळूरच्या पूर्वेकडील मारतहळ्ळीचेच उदाहरण घ्या. या नावाची एक लोकव्युत्पत्ती मराठ्यांकडे बोट दाखवते, दुसरी मरुत विमानाकडे; गावाच्या नावालाही दोन कुळे आहेत! तेथील संगणक-कचेऱ्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या मराठी घरातले मूल शाळेत इंग्रजी आणि अंगणात कन्नड-हिंदी बोलते. मराठी त्याच्यापाशी उरते ती मुख्यतः नात्यांच्या हाकांतून. पवित्र प्रभाकर ज्यात झळकला, त्या २०२३ च्या चित्रपटाची मराठी आवृत्ती निघाली खरी. पण उसन्या पात्राच्या तोंडी घातलेले संवाद त्या मुलाला घराणे देऊ शकत नाहीत.

तेव्हा दोष परदेशी प्रकाशकांना देऊन भागणार नाही. त्यांनी आपला माल विकला. मुंबईचा वीर मराठीत जन्माला घालण्याचे काम मराठी लेखकांचे होते आणि त्याला निर्दयपणे तपासण्याचे काम मराठी समीक्षकांचे. दोघांनीही ते टाळले. पवित्रला मुखवटा कोणी दिला, हे ठाऊक आहे. त्याला काका द्यायचा की मामा, हे ठरवायला मात्र मराठी लेखणीच लागेल.